दुकान वाढवायचं हाय

आधीच सांगून ठेवते, चूक त्या गड्याची नव्हती. चूक आमच्या तोंडाची. आम्हाला मेलं वाईट म्हणून काही बोलताच येत नाही. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं तरी दुकान वाढवलं. अन् ताटात भाकरी घालायची, तीही वाढायचीच. एवढ्या सगळ्या वाढण्यातलं कुठलं फुटणं अन् कुठलं पोट भरणं, हे माणसाला आईच्या कडेवर बसून कळतं. जो कडेवर कधी बसलाच नाही त्याला कसं कळावं?

माझं नाव राजेश्वरी. येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्याला माझं ओटीचं दुकान आहे. नारळ, खण, हळदी-कुंकू, उदबत्ती अन् हिरव्या बांगड्या. गाव मला राजाक्का म्हणतं. घरी मला नावच नाही. घरी मी ‘अगं’. आमचे आण्णासाहेब शेती बघतात. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं म्हणून इथं मीही आण्णा म्हणते, तोंडावर आपलं ‘अहो’.

अन् गडी म्हणजे कंप्युटर. आमची अर्पिता पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आली अन् तिचा कॉलेजातला जुना कंप्युटर मधल्या खोलीत पिठाच्या डब्याशेजारी मांडून बसली. फराळ सुद्धा धड केला नाही पोरीनं. मग एकदाची म्हणाली, “आई, आता ह्याला फोनवरून काय पण सांगायचं. लिहून सांग, नाहीतर बोलून सांग. विहिरीवरची मोटार चालू कर म्हण, करतो. कुणाला निरोप दे म्हण, देतो. अन् ह्याचं सगळं घरातल्या घरात राहतं, आपली गोष्ट बाहेर कुणाला कळत नाही.”

“म्हंजे सालगडीच की,” आण्णा म्हणाले. तेव्हापासून तो गडी झाला.

“फक्त घरच्या मशीनवर बसवलाय म्हणून डोकं जरा लहान आहे त्याचं,” अर्पिता म्हणाली. “समजुतीनं घे.”

घेतलं मी समजुतीनं. गड्याचं बोलणं पुस्तकातलं. मोटार लाव म्हटलं की लावायचा अन् म्हणायचा, “राजेश्वरीताई, विहिरीवरील मोटार सुरू केली आहे. आपला दिवस आनंदात जावो.” आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग सवय झाली. दुपारी दुकानात कुणी नसलं की मी उगंच विचारायची, “गड्या, काय करायलास?” तो म्हणायचा, “आपल्या निरोपाची वाट पाहत आहे.” बरं वाटायचं. घरी पिठाच्या डब्याशेजारी एक निळा दिवा मिणमिणतोय अन् आपली वाट बघतोय, ह्या विचारानं दुपार सरायची. कधी मी त्याला पडलेलं स्वप्न सांगायची. तो सगळं ऐकून घ्यायचा अन् म्हणायचा, “छान. याची आठवण किती वाजता करून देऊ?”

आता स्वप्नाची आठवण कुणी करून देतं का? पण विचारायचा बिचारा.

त्याच्या चुका तशा गमतीच्याच. एकदा मी सांगितलं, आज देवीपुढं नारळ वाढवला. तर विचारतो, “अभिनंदन! नारळ किती वाढला?” दुसऱ्यांदा माझ्या हातची बांगडी वाढली, तर हा म्हणतो, “दुकानातील मालात एक बांगडी मिळवली आहे.” हसून हसून माझं पोट दुखलं. अर्पितानं मग पुण्याहून त्याला शिकवलं, की बाबा, नारळ वाढणं म्हणजे फोडणं अन् बांगडी वाढणं म्हणजे फुटणं. दुकानाचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुकान मी रोज माझ्या हातानं वाढवत होते, त्याला सांगायचं कामच पडत नव्हतं.

आता खरं सांगायचं ते सांगते. हायवेला पूल झाला अन् माझा रस्ता ओस पडला. गाड्या वरच्या वर जायला लागल्या. दुकानात मी, नारळ अन् माशा. त्यात माझा गुडघा. आण्णा माणूस वाईट नाही हो, माझ्या गुडघ्याला तेल तेच चोळतात. तेल चोळता चोळताच एकदा म्हणाले, “ही चैत्राची पुनव होऊ दी. जत्रा झाली की दुकान वाढवून टाकू. लई केलंस. आता निवांत बस.”

“बरं,” मी म्हणाले.

निवांत बस! कुठं बसायचं ते नाही सांगितलं. घरात बसले की मी ‘अगं’. राजाक्का आहे ती त्या दुकानात, नारळाच्या पोत्यावर बसलेली. तिला कुणी विचारतं, “राजाक्का, पोरीला दिवस गेलेत, ओटीत काय काय घालू?” तिला कुणी लांबून हात करतं. दुकान गेलं की ती बाई गेली, हे मला लख्ख कळत होतं. अन् तरी तोंडातून निघालं काय, तर ‘बरं’. बाईच्या तोंडात ‘बरं’ आधीच ठेवलेलं असतं, सुपारीसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताला जाता जाता आण्णांनी फोन तोंडाजवळ धरून गड्याला सांगितलं. मी भाकरी थापत होते, सगळं ऐकलं.

“गड्या, चैत्र पुनवेनंतर हिचं दुकान कायमचं वाढवायचं हाय. हिच्या समद्या गिऱ्हाइकांना कळव. उमरग्याच्या नारळवाल्याला बी कळव. मालाचं काय ते तूच बघून घे.”

‘बंद’ त्यांच्यानं म्हणवेना. देवीच्या नावानं मांडलेलं दुकान, त्याला बंद म्हणायचं म्हणजे जिभेला चटका. मी गुमान थापत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं म्हणावं, तर गॅस होता.

त्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा सगळ्या वस्तू माझ्याकडं बघतायत असं वाटलं. लिंबाचा फुलोरा वाऱ्यानं आत येऊन नारळांवर पडला होता, तो मी झाडला नाही. फाल्गुनाचं ऊन माझ्या दुकानात येतं ते बांगड्यांतून येतं. जमिनीवर हिरवा उजेड पडतो, विहिरीच्या तळाला असतो तसा. दुपारी त्या उजेडात बसलं की मला उघड्या डोळ्यांनी झोप लागते. झोप म्हणजे झोप नाही अन् जाग म्हणजे जाग नाही. डोंगरावरची घंटा ऐकू येते, पण वाटतं ती आपल्याच छातीत वाजतेय.

त्या दुपारी मला दुकान वाढताना दिसलं. आईशप्पथ सांगते.

आधी फळ्या वाढल्या. रानात ज्वारीचं ताट वर निघतं तशा सरसर वर निघाल्या अन् छपराला त्यांनी हळूच उचललं. मग भिंती मागं सरकल्या. मागचा डोंगर आत आला अन् एका कोपऱ्यात गुमान बसला. जत्रेत चुनखडी वेचायला बायका येतात ना, त्या ओच्यात पांढरे खडे घेऊन माझ्या दुकानातूनच चालल्या होत्या. खडा पडेल तिथं नारळ उभा राहत होता. पुलावरच्या गाड्या एकेक करून खाली उतरल्या अन् म्हशींसारख्या माझ्या दारात पाणी प्यायला थांबल्या. कुणी काही बोलत नव्हतं. नुसती बांगड्यांची किणकिण. मी मधोमध बसले होते अन् माझा गुडघा दुखत नव्हता.

त्या किणकिणीतच फोन वाजला. उमरग्याचे गुरुसिद्धप्पा, माझे नारळवाले.

“राजाक्का, खबर मिळाली बगा! दुकान वाढवायलात म्हणं! छलो झालं, लई चांगलं झालं! पुलापायी लोकं दुकानं सोडून चाललीत, अन् तुमी मोठं करायलात. माल डबल मागवलात, उद्या टेम्पो पोचतोय. तुमचा गडी लई शिस्तीत लिवतो हां.”

“हां,” मी म्हणाले. स्वप्नात माणूस हां म्हणतं तसं.

मग फोन उघडून बघितला. गड्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना धाडलं होतं: “नमस्कार. कळवण्यास आनंद होतो की, चैत्र पौर्णिमेनंतर राजेश्वरीताईंचे ओटीचे दुकान आम्ही कायमचे वाढवत आहोत. अधिक जागा, अधिक माल आणि तेच प्रेम. अवश्य यावे.”

आगं माय! मी तोंडावर हात ठेवला. खाली उत्तरांची रांग लागली होती. हात जोडलेले, फुलं, नारळाची चित्रं. बार्शीच्या एका बाईनं लिहिलं होतं, “तुमच्या हातची ओटी भरली अन् मला लेक झाली. आता तिचं जावळ काढायला येतोय, दुकान मोठं दिसू द्या.” अजून कुणीतरी लिहिलं होतं, “आमाला वाटलं पूल झाला तवाच तुमी वाढवलं. हे तर उलटंच वाढवायलात की! ह्या टायमाला खालच्या रस्त्यानं येतो.”

चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी केली नाही. मला बरं वाटत होतं. लई बरं वाटत होतं, उगं खोटं कशाला बोलू? हिरवा उजेड पायाशी हालत होता अन् मी एकेक निरोप परत परत वाचत होते. जाग यायला हवी होती. येतच नव्हती.

तेवढ्यात पायरीवर शिवकन्या येऊन टेकली. बिरूची बायको, मेंढरं राखणाऱ्यांची. जन्म सगळा रानात गेला तिचा, पण फोन असतो पदराच्या गाठीला.

“राजाक्का, दुकान वाढवायलीस व्हय?”

“असं म्हणायलेत लोकं,” मी म्हणाले.

“मंग मला बी एक खिळा दे की.”

“खिळा?”

तिनं पिशवीतून काळे दोरे काढले. काळ्या मेंढीच्या लोकरीचे, बारीक पीळ घातलेले, टोकाला एकेक गोंडा. “म्या वळलेत. दृष्टीला लेकराच्या मनगटाला बांधत्यात लोकं. मोठं दुकान झालं तर एका खिळ्याला जागा हुईल का न्हाय? मेंढरामागं समदा जल्म गेला, अक्का. माझ्या हातचं कुटं टांगलेलं म्या एकदा बी बगितलं न्हाय.”

काय बोलू? मी उठले, हातोडी हुडकली अन् बांगड्यांच्या शेजारी खिळा ठोकला. भिंतीचा एक पोपडा निघून माझ्याच पायावर पडला. शिवकन्येनं दोरे टांगले, दोन पावलं मागं सरली अन् नुसती बघत राहिली. तिच्या तोंडावर हिरवा उजेड पडला होता. एवढ्या वर्षांत मी तिला इतकी देखणी कधी बघितली नव्हती.

“पुनवेच्या आदी आनिक वळून आणते,” म्हणाली अन् गेली. पुनवेनंतर ही भिंत राहील पण दुकान राहणार नाही, हे मला तिला सांगता आलं नाही.

उन्हाळ्यात आण्णा दुपार कलली की शेतातून थेट दुकानात येतात. आम्ही तिथंच जेवतो. त्या दिवशी आले ते तणतणतच आले.

“काय चालवलंय हे? वेशीपासून हितपर्यंत लोकं मला हात जोडायलेत! आण्णा, पेढे कुटंयत म्हणं! कसले पेढे?”

“मला काय विचारता? तुमच्या गड्याला विचारा.”

मी निरोप दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मग माझाच फोन घेऊन बोलायचं बटण चालू केलं. “गड्या, आरं काय केलास हे? म्या दुकान वाढव म्हणलो तुला!”

“होय, आण्णासाहेब. दुकान वाढवण्याची तयारी सुरू आहे. नवीन फळ्यांसाठी सुतारालाही कळवू का?”

“आरं, वाढव म्हंजे वाढव रं! कायमचं!”

“होय. कायमचेच वाढवत आहोत.”

मला हसू आवरेना. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडात कोंबला. गडी म्हणाला, “क्षमा करा. नारळ वाढवणे म्हणजे फोडणे, असे अर्पिताताईंनी मला शिकवले आहे. त्याप्रमाणे आपल्याला दुकान फोडायचे आहे का?”

“आत्ता गं बया!” मी म्हणाले. “मालकच दुकान फोडायला निघाले!”

“फोडायचं न्हाय रं भाड्या!” आण्णा ओरडले.

“मग दुकान बंद करायचे आहे का? तसे असल्यास ‘बंद करा’ एवढेच सांगा. मी लगेच सर्वांना कळवतो.”

आण्णांनी फोन तोंडाजवळ नेला, परत खाली घेतला. समोर देवीचा फोटो, खाली नारळांची रास, खण, हिरव्या बांगड्या. त्यांचे ओठ हालले पण शब्द निघेना. मग त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

“तूच सांग. तुझं दुकान हाय.”

मग मात्र माझं डोकं फिरलं.

“व्हय का? वाईट बोलायची वेळ आली तवा दुकान माझं झालं व्हय? वाढवून टाकू म्हणलात, तवा कुणाचं होतं?”

“आगं, तू बरं म्हणलीस की!”

“बरं म्हणाले! बरं म्हंजे व्हय असं न्हाय! ह्या गड्याचं डोकं लहान, दिवाळीपासून घरात आलाय, त्याला सुदीक कळतंय की एका शब्दाचे दोन अर्थ असत्यात. आडला तर विचारायलाय, की वाढव म्हंजे काय करू. तुमी लग्न झाल्यापासनं माझं बरं ऐकायलात. एकदा तरी विचारलंत का, की बाई गं, बरं म्हंजे काय?”

आण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

“न्हाय करायचं मला बंद,” मी म्हणाले. ‘बंद’ हा शब्द माझ्या दुकानात त्या दिवशी मी माझ्या तोंडानं उच्चारला, अन् छप्पर काही पडलं नाही. “न्हाय करायचं, न्हाय करायचं! ऐकलंत का?”

बोलले अन् रडू फुटलं. लाज वाटली नाही. फोन आमच्या दोघांच्या मधे नारळाच्या पोत्यावर पडला होता. बोलायचं बटण तसंच चालू राहिलेलं. पडद्यावर उमटलं, “आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.”

आण्णांनी भिंतीकडं बघितलं. “हे काळं काय?”

“शिवकन्येचे दोरे. तिला एक खिळा दिलाय.”

“गुडघ्याचं कसं करतीस?”

“दुखंल. घरी बसले तरी दुखंलच की.”

“अन् गिऱ्हाईक न्हाय आलं तर?”

“न्हाय आलं तर न्हाय आलं. पण मला हितं बसू द्या. हितं मला नाव हाय. घरी न्हाय.”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे नीट बघितलं, शेतात उगवण बघतात तसं, खाली वाकून. उठले, माठातलं पाणी घेऊन पायरीवर हात धुतले, तोंडावरून ओला हात फिरवला. आत येऊन पोत्याशेजारी मांडी घातली. ऊन कललं होतं. बांगड्यांचा हिरवा उजेड सरकत सरकत त्यांच्या मांडीवर येऊन बसला होता. डोंगरावर घंटा वाजली, का माझ्या छातीत वाजली, देवीला ठाऊक.

मी डोळे पुसले, डबा उघडला अन् ताटली त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी ताटलीकडं बघितलं नाही. त्या एका खिळ्याकडं बघत होते.

“वाढ, राजेश्वरी,” ते म्हणाले.

फोन उजळला. गडी म्हणाला, “समजले, आण्णासाहेब. वाढवत आहोत.”

आण्णांनी त्याला काही दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही. मी भाकरी वाढली.